काल्पनिक नदीची खरी जोडी शोधताना

तू विचारलंस, टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अँडुइन नदीला आपली नर्मदा म्हणता येईल का. घाई करू नकोस. अँडुइनवरचा रौरोसचा धबधबा वाचला की नर्मदेवरचा भेडाघाटचा धुंवाधार आठवणारच, मलाही आठवला होता. पण अँडुइन उत्तरेकडून दक्षिणेला वाहते आणि मुखाशी अनेक फाटे फुटून त्रिभुज प्रदेश होतो. नर्मदा पश्चिमेला जाते, खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून, आणि खंभातच्या आखाताला खाडीच्या रूपानं मिळते. जोडी तिथेच तुटते.

म्हणून आधी नकाशा, मग वर्णन. उगम, दिशा, उतार, मुख एवढं कागदावर मांड. युरोपातल्या डॅन्यूबला अँडुइनसारखा त्रिभुज प्रदेश आहे, आयर्न गेट्सची अरुंद घळही आहे, पण ती वाहते मुख्यतः पूर्वेला. म्हणजे एका नदीतून सगळं जुळणार नाही, तुकडे जुळतील. माझ्या मते तुकड्यांतच खरी गंमत आहे. लेखकाचं स्वतःचं म्हणणं सापडलं तर ते सर्वांत वर ठेव: १९६७ च्या एका पत्रात टोल्कीननं अँडुइनचं मुख साधारण प्राचीन ट्रॉयच्या अक्षांशावर ठेवलंय. पण अक्षांश जुळला म्हणजे नदी सापडली, असं नाही.

आणि एकदा पावसाळ्यात महूजवळच्या जानापावला जाऊन ये, इंदूरहून लांब नाही. चंबळ तिथून उत्तरेला यमुनेकडे निघते, दक्षिण उतारावरचं पाणी नर्मदेला जातं. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. जलविभाजक एकदा असा डोळ्यांनी बघितलास, की कुठल्याही काल्पनिक नकाशात नजर आधी डोंगरांकडे जाईल.