चुलीतला च, चहातला च

प्रवेशाचा हंगाम आला की माझ्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या समुपदेशनाच्या दोन खोल्यांत दर वर्षी तोच प्रश्न येऊन बसतो, फक्त भाषेचं नाव बदललेलं असतं. पूर्वी मराठी माध्यम की इंग्रजी असं विचारत. मग फ्रेंच की जर्मन सुरू झालं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागेही घेतला गेला. तेवढ्या दिवसांत “एवढ्याशा डोक्यात तीन भाषा मावतील का हो?” हे मी इतक्यांदा ऐकलं की उत्तर दाराबाहेर लावून ठेवावं असं वाटायला लागलं. आता सिंगापूरला निघालेली घरं येतात. “चायनीज स्ट्राँग असलेली शाळा घ्यावी का? पोर गोंधळून जाईल का? मराठी विसरेल का?”

अशा चार-पाच घरांपैकी एकाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई घोडबंदर रोडवरून आली होती. नवरा दोन वर्षांपासून सिंगापुरात, तिघांनाही तिथलं कायम वास्तव्य मिळालेलं, मुलगी इथे सीनिअर केजीत. पुढच्या जानेवारीत तिथे पहिली सुरू होणार. आईच्या हातात शाळांची छापील यादी होती आणि पाच नावांवर हिरवी खूण. त्यातलं एक नाव रेड स्वस्तिक स्कूल. “सासूबाई म्हणतात हीच घ्या, नाव तरी आपलं आहे.” ही शाळा 1951 मध्ये एका चिनी सेवाभावी संस्थेने काढली आहे. ते ऐकून सासूबाई जरा हिरमुसल्या, असं पुढच्या वेळी कळलं.

पाचही शाळा तिथल्या स्पेशल असिस्टन्स प्लॅनमधल्या, लोक ‘सॅप शाळा’ म्हणतात त्या. सगळी मुलं इंग्रजी शाळांकडे वळू लागली तेव्हा जुन्या नावाजलेल्या चिनी शाळा टिकाव्यात म्हणून 1979 मध्ये ही योजना आली. आज अशा 15 प्राथमिक शाळा आहेत. पालकांचा पहिला गैरसमज इथेच असतो. या शाळा चिनी माध्यमाच्या नाहीत. गणित, विज्ञान इंग्रजीतच शिकवतात. चिनी, म्हणजे मँडरिन, हा विषय असतो, पण वरच्या पातळीपर्यंत नेलेला, आणि शाळेचं वातावरणही त्या संस्कृतीचं.

बाबा व्हिडिओ कॉलवर होते. आपले साडेदहा म्हणजे त्यांचा दुपारचा एक.

“मॅडम, तिला मँडरिन आलीच पाहिजे.”

मी ज्या वाटेने हे काम शिकले, त्या वाटेवर हा ‘च’ ऐकायला शिकवतात. ‘हे झालंच पाहिजे’ या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं सांगणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मराठी येत नव्हतं, नाहीतर त्याने जाडजूड पुस्तकांऐवजी हे एकच अक्षर फळ्यावर लिहिलं असतं. पालकांच्या तोंडी च आला की मी पेन खाली ठेवते.

“आलीच नाही तर?”

“तर तिचं नुकसान होईल.”

“तुमच्या ऑफिसात मँडरिन लागते?”

“नाही. काम सगळं इंग्रजीत.”

“मग कुठे लागते?”

खरं सांगायचं तर तोवर मी त्यांना एका कप्प्यात टाकून मोकळी झाले होते: प्रतिष्ठेची शाळा हवी असलेले बाबा. इतक्या वर्षांच्या सरावानंतरही हे होतं. मी उत्तर सुचवलं नाही, वाट पाहिली, एवढंच त्या दिवशी नीट केलं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “जेवताना. दुपारी आम्ही खाली हॉकर सेंटरला जातो. सगळे चांगले आहेत, माझ्याशी इंग्रजीतच बोलतात. पण मध्येच कोणीतरी मँडरिनमध्ये काहीतरी विनोद करतं आणि टेबल हसतं.”

“आणि तुम्ही?”

“मीपण हसतो.”

आई स्क्रीनकडे बघत राहिली. “हे तू मला कधी सांगितलं नाहीस रे.”

“काय सांगू त्यात? दोन वर्षं हसतोय.”

त्यांचा च कुठून आला होता ते आता कळलं. सहा वर्षांच्या मुलीला त्या टेबलावर बाबांच्या वाटणीचं हसायला पाठवायचं होतं. हे मी बोलून दाखवलं नाही. तेच हळूच म्हणाले, “म्हणजे शाळा मलाच हवी आहे की काय?” असं वाक्य माणसाच्या स्वतःच्या तोंडून निघतं, त्या दिवशी संध्याकाळी मी तलावपाळीला एक चक्कर जास्त मारते.

पण अर्धं काम उरलं होतं. आई पुढच्या वेळी मुलीला घेऊन आली, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं. म्हणाली, “मराठी विसरेल याची भीती वाटते.” मग दोन वाक्यांनंतर: “मी रोज तिच्या शेजारी बसून अभ्यास घेते. तिथे तिच्या वहीतलं एक अक्षर मला कळणार नाही. मी काय नुसती डबा भरणार?” मराठीची काळजी खोटी नव्हती, पण तिच्या आडोशाला ही दुसरी बसली होती.

मुलगी कोपऱ्यात चित्र काढत होती. दोन महिन्यांपासून तिचा ऑनलाइन मँडरिनचा क्लास सुरू होता. निघताना मला म्हणाली, “चाय-च्येन. म्हणजे टाटा. यातला पहिला च चुलीतला आणि दुसरा चहातला. टीचर म्हणाली, माझा बरोबर येतो. बाकीच्यांना चुलीतला येतच नाही.”

मी आईकडे पाहिलं. हिंदी बोलणाऱ्या मुलांना जो च मुद्दाम शिकवावा लागतो, तो मराठी घरातल्या पोरीला आयता मिळालेला असतो. प आणि फ यांतला फरकही तसाच, मँडरिनमध्ये त्यावर शब्द बदलतात. “चुलीतला च तिला कोणी शिकवला?” मी विचारलं. आई हसली, आणि मग डोळे पुसले. तिला वहीतलं अक्षर येणार नव्हतं, पण पोरीच्या तोंडातला तो आवाज तिचाच होता.

त्यानंतर मी जे बोलले ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

घरची भाषा बदलू नका. शाळेसाठी घरात मोडकंतोडकं इंग्रजी सुरू करणारे पालक मी पाहते, आणि त्यात मुलाच्या हातून एक पक्की भाषा जाते. शब्दांची सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. आपल्या सोसायटीतली मुलं वॉचमनशी हिंदीत, आजीशी मराठीत आणि भांडताना तिन्हीत बोलतातच की.

हिशेब मात्र कागदावर मांडा. सिंगापुरात सहावीच्या शेवटी पीएसएलई ही प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा असते. विषय चार: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि ‘मातृभाषा’. प्रत्येकाला 1 ते 8 श्रेणी, बेरीज जितकी कमी तितकी चांगली. चिनी घेतली तर तो चौथा हिस्सा झाला. भारतीय मुलांना तमिळ, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांतली भाषा घेता येते. मराठी त्या यादीत नाही, ती घरातच जपायची. चिनी घ्यायला परवानगी मागावी लागते, आणि सॅप शाळांत मातृभाषा म्हणून सहसा चिनीच असते, म्हणजे तिसरीत जड गेलं म्हणून त्याच शाळेत हिंदीकडे वळू, हा रस्ता धरून चालू नका.

शिवाय निवड म्हणतो तेवढी ती आपल्या हातात नसते. अर्ज जास्त झाले की आधी नागरिकांची मुलं, मग घर एक किलोमीटरच्या आत आहे का ते पाहतात. नावाजलेल्या शाळेजवळ महागडं घर घेऊन चिठ्ठीत नाव न आलेली माणसंही असतात.

आणि भाषा कोणाशी बोलायची, हे शाळेच्या नावाआधी विचारा. 2020 च्या जनगणनेत सिंगापुरातल्या 48.3 टक्के रहिवाशांनी घरात सर्वाधिक इंग्रजी बोलतो असं सांगितलं होतं. मँडरिनच्या शिकवण्या तिथल्या चिनी घरांतली मुलंही लावतात. हे ऐकल्यावर आईचा चेहरा सैल झाला. वही न कळणारी ती एकटी नव्हती.

बाबा गणपतीला आले तेव्हा दोघं मिळून भेटले. यादीतल्या हिरव्या खुणा गेल्या होत्या. घरापासून चालत जाण्याजोगी साधी शाळा, विषय म्हणून चिनी, संध्याकाळ मोकळी. अभ्यास आई घेणार, फक्त मँडरिनच्या वेळी पोरगी टीचर आणि आई विद्यार्थिनी. माझ्या मते हा निर्णय उत्तम होता. ते सॅप शाळेवर ठाम राहिले असते तरी मी अडवलं नसतं, पण आतून मला हाच हवा होता, ते कबूल करते.

बाबांनी जवळच्या कम्युनिटी क्लबात नवशिक्यांचा वर्ग लावला. गेल्या महिन्यात आईचा व्हॉट्सॲप आला. मँडरिनमध्ये ‘मा’ एका सुरात म्हटलं की आई, सूर खाली नेऊन वर उचलला की घोडा. नवऱ्याने शाळेच्या फाटकात वर्गशिक्षिकेला मोठ्या हौशीने बायकोची ओळख करून दिली. पोरगी तिथल्या तिथे ओरडली, “बाबा, घोडा नाही!” शिक्षिका हसली, आई हसली. बाबांना विनोद कळायला अर्धं मिनिट लागलं. मग तेही हसले.