‘लग्न हा करार आहे’: हे वाक्य बोलतंय कोण?

एका साप्ताहिकासाठी भाषांतरं करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आला आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांच्यावरच्या लेखात, त्यांचं लग्न ‘कॉव्हेनंट मॅरेज’ या, म्हणजे घटस्फोटाची वाट मुद्दाम अरुंद ठेवणाऱ्या, कायदेशीर प्रकारातलं आहे, असं वाक्य होतं. वाचकाने ‘करार-विवाह’ असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून समासात लिहिलं, ‘हे कंत्राटी लग्न वाटतं. संस्कार-विवाह करा.’ त्याच लेखात पुढे काही परंपरानिष्ठ ख्रिस्ती मंडळी राज्यघटनेलाही ‘कॉव्हेनंट’ म्हणतात असं आहे. तिथे कोणता शब्द वापरावा, हा दुसरा प्रश्न. (‘परंपरानिष्ठ’ हा शब्द वाचकाचाच, आणि तो चांगला आहे. ‘पुराणमतवादी’ लिहिलं की वर्णनाआधी निकाल लागतो.)

माझं मत आधीच सांगतो. ‘करार’ ठेवा, ‘संस्कार’ अजिबात नको. पण नुसता ‘करार’ही पुरणार नाही.

संपादकांना खटकलं ते उगाच नाही. ‘हिंदू विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे’ हे वाक्य मराठी माणूस कायद्याच्या वर्गात ऐकतो, वक्तृत्व स्पर्धेत ऐकतो, लग्नाच्या हॉलमध्ये भाषण ठोकणाऱ्या काकांकडूनही ऐकतो. त्या वाक्यात संस्कार म्हणजे पवित्र आणि न तुटणारं, करार म्हणजे व्यवहारी आणि मोडता येणारं. आता अहिल्यानगरच्या किंवा जालन्याच्या एखाद्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, की ‘लग्न हा करार आहे’, तर त्यांना याच्या बरोब्बर उलट सांगायचं असतं: हे परमेश्वराच्या साक्षीने झालेलं आहे, मोडायचं नाही. शब्द तेच, पण अर्थाची दिशा बोलणाऱ्याबरोबर फिरते. भाषांतरकाराची पंचाईत इथेच होते.

मुळात ‘करार’ हा शब्द असा लेचापेचा नव्हता. अरबीतल्या ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ स्थिर होणं, ठरणं, एका जागी टिकणं. ‘बरकरार’ त्याच घरचा, ‘मुक्रर’ही तिथलाच. मराठेशाहीच्या कागदांत ‘करारमदार’ येतो तेव्हा त्यात दिल्या शब्दाचं वजन असतं. मराठीने तर त्यातून ‘करारी’ हे विशेषण घडवलं. करारी बाण्याचा माणूस म्हणजे वाकत नाही असा माणूस. भाडेकरार आणि सामंजस्य करार यांनी गेल्या काही पिढ्यांत या शब्दाला स्टॅम्पपेपरचा वास लावला, पण ‘करारी’मध्ये जुनं पोलाद अजून शिल्लक आहे.

मराठी पवित्र शास्त्राने हाच शब्द उचलला. बायबलचे दोन भाग मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’. मला ही निवड इंग्रजीपेक्षा सरस वाटते. हिब्रू शब्द आहे ‘बरीथ’. ग्रीकमध्ये जाताना भाषांतरकारांनी त्याला ‘दियाथेके’ म्हटलं. त्या काळच्या व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र असाही होता. लॅटिन बायबलच्या नव्या भागात त्यासाठी ‘टेस्टामेंटुम’ रुळला, आणि इंग्रजीत ग्रंथाच्या नावात तो कायमचा बसला. म्हणून इंग्रजी वाचकाला ग्रंथाच्या नावातला ‘टेस्टामेंट’ आणि मजकुरातला ‘कॉव्हेनंट’ एकच आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं. मराठी वाचकाला ते मुखपृष्ठावरच कळतं.

पण हा करार कसला? बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात त्याचं चित्र आहे. अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा कापून त्यांचे दोन-दोन भाग समोरासमोर मांडतो. हिब्रूत करार ‘कापतात’, तो वाक्प्रचार अशाच विधीतला. मधल्या वाटेने चालत जाणारा जणू म्हणतो, की मी शब्द मोडला तर माझी हीच गत होवो. पण अब्रामला गाढ झोप लागते, अंधार पडतो, आणि त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल जाते. चालतो तो देव, एकटा. अब्राम चालतच नाही. देवाणघेवाण ज्याचा प्राण आहे त्या आपल्या रोजच्या कराराशी हे कुठे जुळतं? समोरच्याने पाळलं नाही म्हणून माझी सुटका, हा कंत्राटाचा नियम इथे लागूच होत नाही.

मलाखी संदेष्टा हाच शब्द घरात आणतो. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात बायकोशी विश्वासघात करणाऱ्याला तो बजावतो, की तुझ्या तरुणपणीच्या स्त्रीच्या आणि तुझ्या मध्ये परमेश्वर साक्षी होता, ती तुझी कराराची पत्नी आहे. परंपरानिष्ठ ख्रिस्ती विचाराचा कुटुंबविषयक पाया या वचनावर बराच उभा आहे. सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट संप्रदाय. त्याने १९९८ मध्ये आपल्या श्रद्धापत्रात कुटुंबावर स्वतंत्र कलम घातलं. एक पुरुष आणि एक स्त्री यांनी आयुष्यभरासाठी कराराच्या निष्ठेने एक होणं, अशी त्यात विवाहाची व्याख्या आहे. पत्नीने पतीच्या नेतृत्वाखाली राहावं, असंही त्याच कलमात म्हटलं आहे. त्यावर खुद्द संप्रदायात वाद झाला, आणि माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी २००० साली संप्रदायाशी नातं तोडलं.

आता लुइझियानाचा कायदा, कारण तुमच्या लेखातलं लग्न त्याच राज्यातलं. पार्श्वभूमी अशी, की कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा झाला. त्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, म्हणजे पुढे ज्यांना परंपरानिष्ठ मंडळींनी डोक्यावर घेतलं त्यांचीच. पाहता पाहता ही पद्धत देशभर पसरली. तिला उत्तर म्हणून लुइझियानाच्या विधिमंडळात टोनी पर्किन्स यांनी १९९७ मध्ये कॉव्हेनंट मॅरेजचा कायदा आणला. अ‍ॅरिझोनाने १९९८ मध्ये आणि आर्कान्सॉने २००१ मध्ये तसाच कायदा केला. सक्ती कुणावरच नाही. लग्नाचा परवाना घेताना जोडप्याने दोनांपैकी एक प्रकार निवडायचा. हा निवडला तर आधी धर्मगुरूकडे किंवा विवाह-समुपदेशकाकडे समुपदेशन घ्यायचं आणि संकल्पाचं प्रतिज्ञापत्र करायचं. त्यानंतर घटस्फोट मिळतो तो व्यभिचार, गंभीर गुन्ह्यात सक्तमजुरी किंवा देहदंड, वर्षभर सोडून जाणं, जोडीदाराचा किंवा मुलांचा छळ, अशा ठरावीक कारणांनी किंवा दोन वर्षं वेगळं राहिल्यावर. साध्या लग्नात त्या वेळी १८० दिवस वेगळं राहिलं की काम भागत होतं. टीकाकारांचा आक्षेप असा, की घुसमट सहन करणाऱ्या बाईची वाट यात लांबते. समर्थकांचं उत्तर, की छळ हे कारण कायद्यातच आहे. निवड करणारे मात्र फार थोडे निघाले, लुइझियानात शंभरात एखाद-दुसरं जोडपं.

शब्दाच्या दृष्टीने या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जोडप्याने जे जाहीर करायचं त्याच्या पहिल्याच वाक्यात विवाह हा करार आहे, दोघे जिवंत असेपर्यंतचा, असं येतं. पण त्या मजकुरात देवाचं नाव कुठेही नाही. घटनेची १७९१ ची पहिली दुरुस्ती शासनाला कोणत्याही धर्माची स्थापना करू देत नाही. म्हणून समुपदेशकांच्या यादीत पाद्री आहे, ज्यू रब्बी आहे आणि धर्माशी संबंध नसलेला व्यावसायिक समुपदेशकही आहे. मलाखीत साक्षी परमेश्वर होता, लुइझियानाच्या कागदावर साक्षीला नोटरी आहे. चर्चचा शब्द कायद्यात आला, आणि उंबरठ्यावर त्याला आपला साक्षीदार बाहेर ठेवावा लागला. तरीही जी जोडपी हा प्रकार श्रद्धेने निवडतात त्यांच्या मनात तो साक्षीदार असतोच. शब्द निवडताना दोन्ही बाजू धरायला हव्यात.

म्हणून ‘संस्कार-विवाह’ चालणार नाही. संस्कार ही कॅथलिक भूमिका झाली. वसईचे कॅथलिक स्नानसंस्काराच्या रांगेत विवाहसंस्कार म्हणतात ते योग्यच आहे. पण प्रॉटेस्टंट सुधारकांनी नेमकं हेच नाकारलं होतं. विवाह देवाने नेमलेला आहे, पण तो सात संस्कारांपैकी एक नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. जॉन्सन सदर्न बॅप्टिस्ट. त्यांच्या तोंडी ‘संस्कार’ घालणं म्हणजे त्यांचा संप्रदायच बदलणं. (कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मविधानातही विवाहासाठी ‘फोएदुस’, म्हणजे करार, हा शब्द आहेच. पण तिथे तो संस्काराला सोडून येत नाही.) ‘व्रत’ सुंदर शब्द आहे, पण व्रत एकट्याने घेता येतं. हिंदी कायदेकोशातला ‘प्रसंविदा’ मराठी बातमीत कुणाच्या पचनी पडणार नाही. ‘अभंग करार’ म्हणायचा मोह होतो, पण कायद्यात घटस्फोटाची वाट असताना ते खरं ठरणार नाही. मी ‘आजन्म कराराचा विवाह’ असं लिहीन. ‘आजन्म’ने भाडेकराराचा वास जातो आणि कायद्याच्या मजकुरातलं ‘दोघे जिवंत असेपर्यंत’ही पोचतं. आपल्या शासकीय मराठीत १८७२ चा कायदा ‘संविदा अधिनियम’ आहे. म्हणजे व्यवहारी अर्थासाठी एक शब्द कायद्याने आधीच बाजूला काढून दिलेला आहे. ‘करार’ त्यातून थोडा मोकळा होतो.

आता राज्यघटना. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अकराव्या अध्यायाच्या सतराव्या वचनात, यहोयादा याजक परमेश्वर, राजा आणि प्रजा यांच्यात करार करवतो, आणि शिवाय राजा व प्रजा यांच्यातही. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट, लेखकांनी हे वचन राजासमोर धरलं: तूही बांधलेला आहेस. १६३८ मध्ये एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये स्कॉटिश लोकांनी राष्ट्रीय करारावर सह्या केल्या, कारण राजा पहिला चार्ल्स आपली प्रार्थनापद्धती त्यांच्यावर लादत होता. त्याआधी, १६२० मध्ये, इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या मेफ्लॉवर जहाजावरच्या ४१ पुरुषांनी देवाच्या व एकमेकांच्या उपस्थितीत करार करून आपण एक नागरी समाज बनत आहोत, असं लिहून दिलं. सत्तेला मर्यादा असते, कुटुंब आणि चर्च शासनाने निर्माण केलेली नाहीत, म्हणून शासनाने त्यांच्यावर मालकी सांगू नये, हा परंपरानिष्ठ ख्रिस्ती आग्रह इथून येतो. इंग्रजी ‘फेडरल’ हा शब्दही लॅटिन ‘फोएदुस’चाच. आपल्या ‘संघराज्य’मध्ये एकत्र येणं आहे, पण शपथ नाही.

मात्र सगळे परंपरानिष्ठ अमेरिकेच्या घटनेला करार मानत आले, असं लिहू नका. १७८७ च्या त्या मजकुरात देवाचा उल्लेख नाही. शेवटच्या तारखेत ‘आमच्या प्रभूच्या वर्षी’ एवढंच आहे, आणि सहाव्या कलमात सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई आहे. स्कॉटिश करारकऱ्यांचे अमेरिकेतले वारस याच कारणाने कित्येक पिढ्या मतदान करत नव्हते: ज्यात ख्रिस्ताचं राज्य मान्य नाही तो आमचा करार नव्हे. १८६४ मध्ये त्यांच्यातल्या व इतर संप्रदायांतल्या मंडळींनी प्रास्ताविकेत ख्रिस्ताचं नाव घालण्याची मागणी लिंकनपर्यंत नेली. ती मान्य झाली नाही. तेव्हा तुमच्या लेखात ‘कॉव्हेनंट’ म्हणणारा कोण आहे ते पाहा. तो देवाला साक्षी धरून बोलत असेल तर ‘करार’. लोकांनी आपसांत ठरवलेली बांधिलकी एवढंच म्हणत असेल तर ‘सामाजिक करार’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द पुरेसा आहे. ‘घटना’ किंवा ‘संविधान’च्या जागी मात्र तो टाकू नका. घटना हा दस्तऐवज, करार हे त्याच्याबद्दलचं मत.

संपादकांना दाखवायला घरचं एक उदाहरणही देतो. भारतातल्या ख्रिस्ती जोडप्यांचा घटस्फोट १८६९ च्या कायद्याने चालायचा. त्यात पतीला व्यभिचार हे एकच कारण पुरे होतं. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये, म्हणजे लुइझियानात दार अरुंद करण्याची मुभा मिळाली त्याच वर्षी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही जादा अट घटनाविरोधी ठरवली. २००१ च्या दुरुस्तीने पुढे परस्परसंमतीचा मार्गही दिला. त्यावरचं मराठी लिखाण चाळलं तर ‘ख्रिस्ती विवाह हा करार’ हे शब्द दोन्ही बाजूंना सापडतील. एकाला त्यातून सुटता येतं असं म्हणायचं असतं, दुसऱ्याला येत नाही असं. तुमच्या लेखात पहिल्या उल्लेखाला ‘आजन्म कराराचा विवाह’ लिहा, लगेच अर्ध्या वाक्यात लुइझियानाच्या १९९७ च्या कायद्याचा हवाला द्या, आणि तिथून पुढे बिनधास्त ‘करार-विवाह’ म्हणा.