जुने 29 कामगार कायदे रद्द झाले, मग आमचे हक्कही गेले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमआयडीसीतल्या कारखान्यात 14 वर्षं कायम कामगार आहात, एकूण 180 कामगार आहेत, आणि मॅनेजर सांगतोय, ‘जुने कायदे रद्द झाले, आता कोर्टबिर्ट विसरा.’ हे कितपत खरं?

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांची पगारपत्रकं आणि कामगार कायद्यांची कागदपत्रं बघतो. म्हणजे माझी खुर्ची मालकाच्या बाजूला आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी मॅनेजरसाहेबांचं म्हणणं जेमतेम अर्धं खरं आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार संहिता लागू झाल्या: वेतन (2019), आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, कामाच्या जागची सुरक्षितता व आरोग्य (तिन्ही 2020). 1936 चा वेतन अदायगी कायदा, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा, 1948 चे किमान वेतन आणि कारखाने कायदे, 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा असे 29 केंद्रीय कायदे त्यांत मुरवले. बराचसा मजकूर तोच आहे, कलमांचे नंबर बदललेत. किमान वेतन, बोनस, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी यांतलं काहीही बंद झालेलं नाही.

आता तुमचा 180 हा आकडा. खरी मेख तिथे आहे. जुन्या विवाद कायद्यात ‘पाच-ब’ नावाचं प्रकरण होतं. 100 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं), कामगार कपात किंवा कारखाना कायमचा बंद करायचा असेल तर आधी सरकारची परवानगी लागायची. आता ही अट 300 पासून पुढे. म्हणजे काल तुम्ही या छत्रीखाली होतात, आज नाही. गंमत अशी की 1976 साली, आणीबाणीत, हे प्रकरण घातलं तेव्हाही आकडा 300 च होता. 1982 च्या दुरुस्तीने तो 100 वर आणला. त्यामुळे ‘ऐतिहासिक सुधारणा’ म्हणणारे आणि ‘कधी नव्हे तो अन्याय’ म्हणणारे, दोघांनाही जुनी पानं उलटायला हरकत नाही. पण तुमच्यासारख्या 100 ते 299 मधल्यांचं संरक्षण गेलं, हे निर्विवाद. माझ्या मते संपूर्ण बदलातली सगळ्यात मोठी वजाबाकी हीच.

परवानगी गेली म्हणजे मोकळं रान मिळालं असंही नाही. कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि शेवटी आलेला आधी जाणार हा नियम, हे सगळं अजून आहे. शिवाय मालकाने 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात जायचा, ही नवी भर. कारखानाच बंद करायचा तर 60 दिवस आधी सरकारला नोटीस.

दुसरी वजाबाकी स्टँडिंग ऑर्डर्सची, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमावलीची. महाराष्ट्रात त्या 50 कामगारांपासून लागू होत्या, आता 300 पासून. शिस्तभंगाची चौकशी कशी करायची, रजा कशी मंजूर करायची, हे सगळं त्यात असायचं. तुमच्या कारखान्याच्या मंजूर स्टँडिंग ऑर्डर्सची प्रत कुठे सापडली तर आजच झेरॉक्स काढून घरी ठेवा. पगार, कामाचे तास, रजा अशा अटी बदलायच्या तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, ही तरतूद नव्या संहितेतही आहे.

संप आता जवळजवळ अशक्य झालाय म्हणतात, त्यात अतिशयोक्ती थोडी आणि तथ्य जास्त आहे. 14 दिवसांची नोटीस पूर्वी पाणी-वीज-वाहतुकीसारख्या लोकोपयोगी सेवांना होती, आता सगळ्यांना. निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच.

आता पगाराच्या चिठ्ठीकडे या. समजा 26,000 पगार आहे: बेसिक 9,000, घरभाडे 6,000, कन्व्हेयन्स 3,000, स्पेशल अलाउन्स 8,000. सगळीकडे ओरड आहे की ‘बेसिक 50 टक्के करावं लागणार’. तसं संहितेत लिहिलेलं नाही. घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे ठरावीक बाबी वेतनातून वगळायच्या, आणि वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. सरसकट दिला जाणारा स्पेशल अलाउन्स वगळायच्या यादीतच नाही. म्हणजे तुमचं वेतन इथे 9,000 नाही, 17,000 धरलं जाईल. ग्रॅच्युइटी 15 भागिले 26 ने (महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचा पगार) काढली तर सेवेच्या एका वर्षामागे 5,192 ऐवजी 9,808 रुपये येतात. उलट बाजूने, पीएफ आतापर्यंत फक्त बेसिकवर कापला जात असेल आणि आता 15,000 च्या मर्यादेपर्यंत कापला, तर हातात 720 रुपये कमी येतील. त्यावरून भांडू नका, तेवढेच मालकालाही भरावे लागतात.

कोर्टाचं म्हणाल तर मॅनेजरचं विधान सरळ चूक आहे. कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली आधीच मिळालेला हक्क किंवा चालू असलेली केस मरत नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम 6 याचसाठी आहे. नवी दोन सदस्यांची न्यायाधिकरणं बसेपर्यंत सध्याच्या लेबर कोर्टांनी काम चालू ठेवावं, असा आदेश केंद्राने डिसेंबर 2025 मध्ये काढला.

आणि महाराष्ट्रात राहणारे सगळे विसरतात ती गोष्ट: त्या 29 च्या यादीत सगळे कायदे केंद्राचे आहेत. आपण ज्याखाली ‘यूएलपी टाकतो’, म्हणजे मालकाच्या अनुचित कामगार प्रथेविरुद्ध तक्रार करतो, तो 1971 चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा राज्याचा, माथाडींचा 1969 चा कायदाही राज्याचाच. केंद्राच्या यादीने ते रद्द होत नाहीत. कामगार हा विषय समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत) असल्यामुळे जिथे केंद्राच्या संहितेशी थेट विसंगती येईल तिथे घटनेच्या कलम 254 वरून वाद होतील, वकिलांना काम मिळेल, तो भाग वेगळा.

तुम्ही लगेच करण्यासारखं एकच: नेमणूकपत्र. 10 किंवा जास्त कामगार असतील तिथे ते देणं आता बंधनकारक आहे, आणि जुन्या कामगाराला दिलेलं नसेल तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. तुमच्या 14 वर्षांत ते मिळालं नसेल तर लेखी मागा, पोच घ्या, आणि रुजू झाल्याची तारीख नीट वाचूनच सही करा. ‘नवीन संहितेप्रमाणे’ म्हणून आजची तारीख टाकलेलं पत्र पुढे आलं तर सही करू नका, तुमची सगळी ग्रॅच्युइटी त्या एका तारखेवर आहे. कुणा सहकाऱ्याला कामावरून काढलं असेल तर त्याला हेही सांगा की थेट दाद मागायची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, ती आता दोनच आहे, आणि यूएलपीला 90 दिवस.