आतून विणलेली नळी : पर्सवेब कोळ्याच्या घराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : झाडाच्या बुंध्याला टेकलेल्या बंद नळीत पर्सवेब कोळी राहतो, असं वाचलं. नळीला दारच नसेल तर त्याला खायला मिळतं कसं?

दार नसणं हीच तर मेख आहे. जमिनीतल्या बिळाला आतून रेशमाचं अस्तर असतं आणि तीच नळी पुढे जमिनीबाहेर येते. युरोपातल्या ‘एटिपस’ या प्रजातीत बाहेरचा भाग साधारण ५ ते ८ सेंटीमीटरचा असतो आणि गवतात, शेवाळात आडवा पडलेला असतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ‘स्फोड्रॉस’ची नळी बहुधा झाडाच्या बुंध्याला टेकून १५ ते २५ सेंटीमीटर उभी चढते. त्यातलाच स्फोड्रॉस नायजर मात्र ती बऱ्याचदा जमिनीवर आडवीच ठेवतो. बीळ वीसेक सेंटीमीटर किंवा त्याहून खोल जातं.

एखादा भुंगेरा किंवा पैसा किडा नळीवरून चालू लागला की त्याच्या पायांची थरथर आत पोचते. कोळी बरोबर त्याच्या खाली सरकतो आणि लांब सुळे रेशमातून आरपार घुसवतो. इतर बहुतेक कोळ्यांचे सुळे चिमट्यासारखे एकमेकांवर मिटतात. याचे दोन्ही सुळे समांतर वर-खाली चालतात, म्हणून पातळ भिंतीतून भोसकायला सोयीचे. थोडक्यात, ही नळी म्हणजे राहण्याची जागाही आणि सापळाही.

प्रश्न : कोळी बाहेर येत नाही, मग नळीच्या बाहेरच्या अंगाला वाळू-माती कोण लावतं?

तोच लावतो, आणि तीही आतून. बांधकामाचा क्रम पाहिला की हे लक्षात येतं. नवी जागा पकडलेला कोळी आधी जमिनीच्या पृष्ठभागावर रेशमाची छोटी बंद खोली विणतो आणि स्वतः तिच्यात राहतो. मग तिच्याच तळाशी खणायला लागतो. निघालेली माती टाकायला दुसरी जागा नसते. सुळ्यांमध्ये धरलेला कण तो वर आणतो, विरळ विणलेल्या भिंतीतून बाहेर ढकलतो आणि आतून त्यावर पुन्हा सूत फिरवतो. कण बाहेर अडकून राहतो, भिंत जाड होते. खोदकाम जितकं खाली जातं तितकी वरच्या नळीला माती मिळत जाते. म्हणजे राडारोडा आणि गिलावा एकच.

म्हणूनच नळीचा रंग शेजारच्या मातीशी तंतोतंत जुळतो. वाळूत ती वाळूची दिसते, काळ्या मातीत मळकट मुळासारखी. कोळी रंग पाहून काही निवडतो असं समजण्याचं कारण नाही. त्याच्या हाताशी तेवढीच माती असते.

सूत येतं ते पोटाच्या मागच्या टोकाच्या सहा अवयवांतून. त्यांतले मागचे दोन लांब आणि हलते असतात. ते भिंतीवर डावी-उजवीकडे फिरवत कोळी थरावर थर चढवतो. कोळी वाढतो तसतशी तीच नळी लांब-रुंद केली जाते.

प्रश्न : शिकार आत ओढताना नळी फाटते. ती तशीच राहते का?

राहिली तर सापळाच गेला. एका सुळ्याने भक्ष्य धरून ठेवून कोळी भिंतीत उभी चीर पाडतो, रेशीम बाजूला सारतो आणि किडा आत ओढून घेतो. विष भिनून किडा थंडावला की त्याला खाली नेऊन ठेवतो आणि खाण्याआधी वर येऊन चीर सांधतो. कडा जवळ खेचून आतून सूत भरलं की काम झालं. ताजी डागडुजी काही काळ पांढुरकी दिसते, कारण तिच्यावर अजून माती नसते.

खाऊन उरलेलं कवच वरून बाहेर टाकलं जातं. विष्ठाही वरच्या टोकातून बाहेर फेकली जाते. नळीच्या टोकापाशी किड्यांचे पाय, पंख, कवचाचे तुकडे पडलेले दिसले तर आत कोणीतरी नांदतंय असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : मग नर आत कसा शिरतो आणि पिल्लं बाहेर कशी पडतात?

वयात आलेला नर आपली नळी कायमची सोडतो. एटिपस अफिनिस या युरोपीय जातीत हे शरद ऋतूत घडतं. मादीच्या नळीवर तो पायांनी ठकठक करतो. मादी राजी नसेल तर आतून नळीला हिसके देते, आणि शहाणा नर तिथूनच परत फिरतो. प्रतिसाद बरा असेल तर तो भिंत फाडून आत जातो, काही काळ तिच्यासोबत राहतो आणि मरतो. मरणानंतर बायकोच्या पोटात जाण्याचीही शक्यता असते.

अंडी पुढच्या उन्हाळ्यात नळीतच लटकवलेल्या पिशवीत घातली जातात. पिल्लं हिवाळाभर आईच्या नळीत राहून वसंतात बाहेर पडतात, गवताच्या काडीवर चढतात आणि सुताच्या आधाराने वाऱ्यावर निघतात. या कोळ्याच्या दांडग्या नातलगांमध्ये, म्हणजे टॅरँट्युला वगैरेंमध्ये, ही सवय क्वचितच दिसते. उतरल्या जागी प्रत्येक पिल्लू लगेच आपली चिमुकली नळी विणू लागतं.

प्रश्न : काचेच्या टाकीत ठेवलेली स्फोड्रॉसची मादी नळी बांधतच नाही, कोपऱ्यात बसून राहते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा मातीच चुकते. थर किमान २५ सेंटीमीटरचा हवा. दहा सेंटीमीटरच्या मातीत बीळ तळाला टेकतं आणि काम थांबतं. वाळूमिश्रित माती घ्या. ओलावा इतकाच, की मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही. कोरड्या मातीत बिळाच्या भिंती ढासळतात, चिखलात बुरशी धरते.

दुसरं म्हणजे आधार. सालीचा जाड तुकडा मातीत खोल रोवून उभा करा आणि त्याच्या अगदी मुळाशी पेन्सिलीने पाच-सहा सेंटीमीटरचा खड्डा पाडून मादीला त्यात उतरवा. मग टाकी अंधारात ठेवा आणि रोज उकरून पाहण्याचा मोह आवरा.

नळी पुरी होईपर्यंत रातकिडा सोडू नका. उघड्यावरचा हा कोळी आखूड पायांचा आणि मंद असतो, त्यात कात टाकत असेल तर रातकिडाच त्याला कुरतडेल. नळी झाल्यावर किडा चिमट्यात धरून तिच्यावरून हळूच चालवा.

प्रश्न : रानात सापडलेली नळी उपटून पाहिली तर चालेल का?

नको. ती जमिनीच्या पातळीलाच तुटते, कोळी तळाशी पळतो आणि हाती फक्त रिकामी पिशवी येते. मादी अनेक वर्षं त्याच नळीत काढते, त्यामुळे नुकसान मोठं. आत कोणी आहे का हे पाहायचं असेल तर गवताच्या मऊ काडीने नळीवर हलकेच चालण्यासारखी हालचाल करा. कधीकधी सुळ्यांची टोकं बाहेर आलेली दिसतात. बोट मात्र वापरू नका. विष माणसाला घातक समजलं जात नाही, पण सुळे लांब आहेत.