ऑनलाइन गेममध्ये कॅरेक्टर पूर्ण मॅक्स झालं, तर जुन्या खेळाडूंसाठी स्किल कॅप वाढवायला हवी का?

भाऊ, तुम्ही शिरपूरहून विचारलंय की एकाच ऑनलाइन गेममध्ये वर्षानुवर्षं घालवून सगळी स्किल्स कॅपला, म्हणजे गेमने घातलेल्या वरच्या मर्यादेला, टेकली, आणि कालपरवा आलेली पोरंही काही महिन्यांत तिथेच येऊन पोहोचतात. मग कंपनीने जुन्या खेळाडूंची कॅप वाढवायला नको का? आणि वाढवणार नसतील तर पुढे खेळायचं तरी कशासाठी? गेमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून मला नीट माहीत असलेल्या गेमांवरून सांगतो.

माझं मत ठाम आहे. जुनेपणाच्या जोरावर ताकदीची कॅप वाढवू नये. वाढवलीच तर इतकी थोडी की मान राहील, पण नव्या माणसाला आपल्याजवळ येताच येऊ नये इतकं अंतर पडणार नाही. तुमची तक्रार मला कळते. रात्री-रात्री बसून मिळवलेली गोष्ट दुसऱ्याला पटकन मिळाली की वाईट वाटतंच. पण त्यावर कॅप वाढवणं हा इलाज नाही.

हा प्रश्न ज्या गेमने माझ्या मते सगळ्यात शहाणपणाने हाताळला, तो म्हणजे अल्टिमा ऑनलाइन. 1997 साली सुरू झाला, अजून चालू आहे. त्यात लेव्हल हा प्रकारच नाही. तलवारबाजी, जादू, लोहारकाम, मासेमारी, जनावरं माणसाळवणं अशी भरपूर स्किल्स आहेत. मूळ नियम असा की एक स्किल जास्तीत जास्त 100 पर्यंत, आणि सगळ्यांची मिळून बेरीज 700 च्या वर जायची नाही. म्हणजे सात स्किल्स पूर्ण, बाकीची शून्य. स्किलच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक बारकी खूण असते: वर जाणारा बाण, खाली जाणारा बाण किंवा कुलूप. बेरीज 700 झाली की नवं काही शिकायला जागाच उरत नाही. मग एखाद्या जुन्या स्किलचा बाण स्वतःच्या हाताने खाली करायचा. इकडे मासेमारी दशांशाने वाढली की तिकडे लोहारकाम तेवढंच उतरतं. ते आकडे समोरासमोर हलताना बघितले की कॅप कशासाठी असते ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे रावेर-यावलच्या कुठल्याही केळीवाल्याला विचारा. बुंध्याशी फुटलेली पिलं वेळच्या वेळी कापली नाहीत तर घड भरत नाही. 700 ची मर्यादा हेच काम करते. सगळं वाढू दिलं तर प्रत्येकाचं कॅरेक्टर शेवटी एकसारखंच होतं. मग हा लोहार, तो गारुडी, ती कोळीण असा कुणी उरतच नाही.

आता जुन्या खेळाडूंना या गेमने काय दिलं ते बघा. अकाउंट जुनं होत जाईल तशी वर्षाला 5 पॉइंटनी बेरजेची कॅप वाढते, आणि 720 ला थांबते. संपलं. दहा वर्षं खेळा नाहीतर पंचवीस, 720 म्हणजे 720. ही वाढ तीन टक्क्यांपेक्षाही कमी आहे. 2002 मध्ये पॉवर स्क्रोल आले, त्यांनी एकेका स्किलची कॅप 105, 110, 115 करत 120 पर्यंत नेता येऊ लागली. पण एकूण बेरीज तीच राहिली! 120 गुणिले सहा, बरोबर 720. म्हणजे सहा स्किल्समध्ये अगदी टोकाला जायचं असेल तर सातवं सोडावं लागतं. खोली हवी की पसारा हवा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 700 वाल्याला पाच स्किल्स 120 वर नेता येतात आणि सहावं 100 वर राहतं. फरक जाणवतो, पण त्या फरकाने नवा माणूस मैदानाबाहेर जात नाही. जुन्या माणसाचा मान ठेवायची याहून चांगली पद्धत मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

उलट उदाहरण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं. 2004 मध्ये लेव्हलची कॅप 60 होती. 2007 च्या विस्तारात 70, पुढच्या वर्षी 80, असं करत 2018 मध्ये 120 झाली. दर वेळी कॅप वाढली की जुन्याला चार दिवस बरं वाटायचं, आणि त्याच वेळी त्याचं आधीचं सगळं सामान मोडीत निघायचं. 2007 मध्ये तर चाळीस-चाळीस जणांनी मिळून, महिनोन् महिने खपून मिळवलेली शस्त्रं नव्या प्रदेशातल्या साध्या कामगिऱ्यांत मिळणाऱ्या हिरव्या अक्षरांत नाव असलेल्या, म्हणजे साध्या दर्जाच्या वस्तूंपुढे फिकी पडू लागली. शेवटी 2020 मध्ये कंपनीनेच सगळ्यांच्या लेव्हल दाबून 120 वाल्याला 50 वर आणलं आणि नवी कॅप पुन्हा 60 केली. सोळा वर्षं शिडी वाढवत नेली आणि आकडा फिरून तिथेच आला. तुम्ही मागताय ती वाढ मिळाली तर तुमच्या आजच्या कमाईचं असंच होईल, म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

अंतराळातली जहाजं चालवायच्या ईव्ह ऑनलाइन या गेमचा हिशोब वेगळा आहे, आणि तुमच्या प्रश्नाला फार जवळचा. तिथे स्किल घड्याळावर वाढतं. तुम्ही झोपलात तरी ट्रेनिंग चालू. म्हणजे 2003 साली गेम सुरू झाल्यापासून असलेल्या माणसाचे एकूण पॉइंट नव्याला कधीच गाठता येणार नाहीत असं वाटतं. पण प्रत्येक स्किलला पाचच पायऱ्या आहेत. साध्यातल्या साध्या स्किलची चौथी पायरी 45,255 पॉइंटला पूर्ण होते आणि पाचवी 2,56,000 ला. ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळ एकट्या शेवटच्या पायरीला जातो, आणि तिचा फायदा आधीच्या कुठल्याही पायरीएवढाच. आणि एका वेळी तुम्ही एकच जहाज चालवता. त्या जहाजाला लागणारी मोजकी स्किल्स नव्याने चौथ्या पायरीपर्यंत नेली की तो तुमच्या बरोबरीने लढायला उभा. जुन्याकडे जास्त काय, तर चालवता येणाऱ्या जहाजांचे प्रकार. 2016 मध्ये विकत घेऊन टोचायचे स्किल इंजेक्टर आले. पैशाने स्किल घेणं मला मुळीच आवडत नाही, पण त्यातलाही एक नियम चांगला आहे: 50 लाखांपेक्षा कमी पॉइंट असलेल्याला एका इंजेक्टरमधून 5 लाख मिळतात, 8 कोटींच्या वर गेलेल्याला फक्त दीड लाख.

मी स्वतः जास्त खेळतो ते ओल्ड स्कूल रूनस्केप. त्याचं एक कारण अगदी आपल्या भागातलं आहे. जळगावात बसून परदेशातल्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे आपला संदेश तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ, कधी कमी मिळत नाही, त्यात उन्हाळ्यात लाइट गेली की राउटर बंद, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळायचं. नेमबाजीच्या गेममध्ये एवढ्या उशिरात माणूस मेलाच. रूनस्केपचा सर्व्हर मात्र 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळे आपला थोडा उशीर बहुतेक वेळा खपून जातो.

तिथे प्रत्येक स्किलची कॅप 99. त्याला 1,30,34,431 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे पॉइंट, लागतो, आणि 92 वर पोचलात की त्यातला निम्माच झालेला असतो. हे नव्या पोरांना खरंच वाटत नाही. 99 नंतरही एक्सपी 20 कोटींपर्यंत मोजला जातो, खेळाडूंच्या क्रमवारीत नाव वर जातं, पण लेव्हल 99 च राहते. ज्याला मोजत राहायचंय त्याला मोजू द्यायचं आणि ताकद तिथेच थांबवायची, ही व्यवस्था मला मनापासून पटते.

यंदा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली, तेव्हा भाच्याने मोबाइलवर याच गेमचं खातं उघडलं. दर पाच मिनिटांनी, “मामा, आते काय करू?” मी त्याला रून सिमिटर ही तलवार देऊन टाकली. ती हातात घ्यायला अटॅक हे स्किल 40 लागतं, त्यामुळे पिशवीत तलवार आणि हातात कांस्याचा तुकडा घेऊन तो कोंबड्या, मग गायी मारत बसला. 40 ला एक्सपी लागतो 37,224. म्हणजे 99 च्या वाटेवरचा अर्धा टक्कासुद्धा नाही, पण तेवढ्यात तो कामाचा झाला. ती तलवार हातात घेतली तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. पुढे फायरमेकिंग (आग पेटवायचं स्किल) 50 करून तो माझ्याबरोबर विंटरटॉडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या एका कामगिरीला आला. तिथे 50 वाला आणि 99 वाला एकाच शेगडीत लाकडं टाकतात, आणि दोघांची गरज असते. माझ्या जुनेपणाने माझी ताकद दहापट केली असती, तर तो पोरगा माझ्या शेजारी उभा राहून नुसता बघत बसला असता. आणि दुसऱ्या दिवशी आला नसता. नवे लोक टिकत नाहीत तो गेम बंद पडतो, मग आपली 99 कुणाला दाखवायची?

बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेमचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे निम्मी पोरं तेच खेळतात. तिथे कॅरेक्टर बलवान होतच नाही, बोटं तयार होतात, आणि सीझन संपला की रँक खाली येते. तिथला जुना खेळाडू म्हणजे ज्याला नकाशा पाठ आहे तो. कॅपचा वाद तिथे निघतच नाही.

आता पुढे खेळायचं कशासाठी. मला सगळ्यात बोलकी वाटते ती आयर्नमॅनची गोष्ट. रूनस्केपमधले काही खेळाडू स्वतःहूनच बंधन घालून खेळू लागले: कुणाकडून काही विकत घ्यायचं नाही, कुणाची मदत नाही, लागेल ते स्वतः तोडायचं, स्वतः खणायचं, स्वतः शिजवायचं. 2014 मध्ये कंपनीने ती पद्धत अधिकृत केली. त्याचा आणखी कडक प्रकार हार्डकोअर, एकदा मेलात की तो दर्जा गेला. वॉरक्राफ्टमध्येही तेच झालं. 2019 मध्ये 60 च्या कॅपचं जुनं रूप क्लासिक म्हणून परत आलं, आणि 2023 मध्ये त्याचेही हार्डकोअर सर्व्हर निघाले, जिथे मेलेलं कॅरेक्टर त्या सर्व्हरवर पुन्हा खेळता येत नाही. शिखरावर पोचलेल्यांनी पुन्हा रस यावा म्हणून बंधनं आणखी आवळून घेतली. म्हणून म्हणतो, कंटाळा आलाय तो कॅपमुळे नाही. आता काही निवडायचं, काही सोडायचं उरलं नाही, त्याचा तो कंटाळा आहे.

कंपनीकडे मागायचंच असेल तर हे मागा: नव्या वाटा. गिल्ड वॉर्स 2 ने 2012 पासून लेव्हलची कॅप 80 च ठेवली आहे. 2015 मध्ये त्यांनी मास्टरी आणली, त्यात ग्लायडरने तरंगत जाणं, नव्या जागी पोचणं अशी कसबं मिळतात. वार जोरात बसत नाही, पण जग मोठं होतं. जुन्या माणसाला नवं घर, नवा पोशाख, नावाआधी पदवी, सगळं द्यावं. जुन्या खात्याची ओळख लांबूनच दिसली पाहिजे, यात मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे.

आणि तुमच्या हातात आजच असलेली गोष्ट म्हणजे बिल्ड, म्हणजे कॅरेक्टरसाठी निवडलेल्या स्किल्सची मांडणी, मोडणं. वर्षानुवर्षं तलवारच चालवली असेल तर ती उतरवा आणि जे कधीच शिकला नाहीत ते शिका. गिल्डमध्ये, म्हणजे तुमच्या गेममधल्या गटात, नवीन आलेल्या दोघा-तिघांना बरोबर घ्या, त्यांना कुठली चढाई आधी करायची ते सांगा. जुन्याचं खरं वजन तिथे पडतं. फक्त स्किल उतरवण्याआधी एक तपासून घ्या. अल्टिमामध्ये सोलस्टोन मिळतो, त्यात पूर्ण स्किल काढून ठेवता येतं आणि हवं तेव्हा परत घेता येतं. तुमच्या गेममध्ये असं काही असेल तर आधी ते मिळवा. नसेल तर जुनं कॅरेक्टर आहे तसं राहू द्या आणि दुसऱ्या कॅरेक्टरचा स्लॉट उघडून तिथे आयर्नमॅनसारखे नियम स्वतःच लावून सुरुवात करा.