आमवात आहे आणि रोज संध्याकाळी ९९.५ ताप येतो. हा आमवाताचाच ताप का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, वर्षभरापूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, निघाला, त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू आहे. सकाळी तासभर बोटं आखडतात, मनगट सुजतं. रोज संध्याकाळी ९९.४ ते ९९.८ ताप. फॅमिली डॉक्टर म्हणतात हा ताप नव्हेच, सासूबाई म्हणतात थर्मामीटर कपाटात ठेव म्हणजे ताप जाईल. ऐरोलीची नोकरी सोडावी का, असंही विचारलंय.

कणकण खरी आहे, हे आधी सांगते. मला हा आजार तिशीत लागला, आता पन्नाशी जवळ आली. राहते ठाण्यात चरईला, नोकरी महापेला, अकाउंट्समध्ये. मी डॉक्टर नाही. इतकी वर्षं अंगावर काढून आणि आमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधेविकारांच्या डॉक्टर) बाईंना विचारून विचारून जे कळलं ते लिहिते.

फॅमिली डॉक्टर आकड्याच्या हिशेबाने बरोबर आहेत. ९८.६ हा आकडा वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली रूढ केला, पण तो सरासरीचा. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांचं तापमान पुन्हा मोजलं, तेव्हा दिवसभरातली वरची मर्यादा ९९.९ पर्यंत जाते असं दिसलं. पहाटे अंग सगळ्यांत थंड आणि संध्याकाळी सगळ्यांत गरम, हे प्रत्येकाचंच. बाईमाणसाचं तर पाळीच्या आधीचे दोन आठवडे आणखी अर्धा अंश वर असतं. म्हणजे संध्याकाळचे ९९.४ एखाद्या ठणठणीत मुलीचेही असू शकतात.

पण त्या मुलीचं अंग मोडून येत नाही, डोळे जड होत नाहीत, जिना चढताना पायात गोळे येत नाहीत. आपल्या आजारात सांध्यांच्या अस्तरावर शरीर स्वतःच हल्ला करतं आणि त्या सुजेतून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात सुटतात. खऱ्या तापात मेंदूला ‘तापमान वाढव’ असा निरोप देणारी रसायनं हीच. जंतू नसला तरी निरोप पोचतोच. याच इंटरल्यूकिन-६ मुळे भूक मरते, हिमोग्लोबिन खाली येतं, थकवा येतो. त्याची पातळी पहाटे सर्वाधिक असते, म्हणून सकाळी बोटं तासतासभर आखडलेली; आणि अंगाची नेहमीची संध्याकाळची चढण त्यात मिळाली की कणकण.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आपला ताप कसा असतो हे नीट ओळखून ठेवा, म्हणजे दुसरा ताप आला तर त्याच दिवशी कळेल. आपली औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे आपल्या बाबतीत ‘आमवाताचाच असेल’ हे वाक्य धोक्याचं आहे.

महिनाभर रोज दोनदा मोजा, उठल्यावर आणि संध्याकाळी एका ठरावीक वेळी. जिभेखाली, तोंड मिटून. चहा घेतला असेल तर वीस मिनिटं थांबून. पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी घेण्याआधी, कारण त्या ताप झाकतात. स्टेरॉइडही झाकतं. आकड्यापुढे दोन शब्द लिहा: सकाळी बोटं किती वेळ आखडली, कुठला सांधा सुजला, पाळीचा कितवा दिवस, मेथोट्रेक्सेट कधी घेतली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि दुसऱ्या दिवशी मळमळ, अंग गळून जाणं अनेकींना होतं. ते वेगळं ओळखता आलं पाहिजे. महिन्याने तुमचं तुम्हालाच दिसेल. माझी कणकण सांधे चढले की चढते, सांधे उतरले की उतरते, आणि १०० च्या वर सहसा जात नाही. आमवाताचा ताप साधारण असाच असतो. १००.४ ओलांडलं की मी तो आमवाताच्या खात्यात टाकत नाही, डॉक्टरांना फोन करते.

एका पावसाळ्यात असंच झालं. दुपारी ऑफिसात थंडी वाजली, घरी येईस्तोवर १०२. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडल्यासारखी. पण सकाळी बोटं सुटी होती. पिंपाचं झाकण मी एका हाताने उघडलं होतं, जे माझ्या वाईट दिवसात कधीच जमत नाही. सांधे शांत आणि ताप एवढा, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. त्याच रात्री रक्त दिलं, डेंगी निघाला. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्यापैकी कितीतरी जणी डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या नेमाने घेतात आणि डेंगीत त्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. जून ते ऑक्टोबर ठाणे-नवी मुंबईत जोराचा ताप आला की दुखण्याच्या गोळ्या थांबवा, पॅरासिटामॉलवर राहा आणि त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घ्यायची का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, त्याने जिवावर बेतू शकतं. तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं तर लेप्टोसाठी (अशा पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ताप यायची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट टीबीची. संध्याकाळी चढणारा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री उशी भिजेपर्यंत घाम, हे आपल्या देशात आधी टीबीच्या दृष्टीने बघायचं असतं. जगात सर्वांत जास्त टीबीचे रुग्ण भारतात आहेत, आणि फुफ्फुसाबाहेरचा टीबी असेल तर खोकलाही नसतो. तुमच्या प्रश्नात वजन दोन-तीन किलो कमी झाल्याचं ओझरतं लिहिलंय. ते आमवातानेही होतं, पण छातीचा एक्स-रे झाला नसेल तर या आठवड्यातच करून घ्या. पुढे कधी बायॉलॉजिक इंजेक्शनं (टीएनएफसारखी रसायनं अडवणारी औषधं) सुरू करायची वेळ आली तर टीबीची तपासणी आधी करतातच, कारण टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी झोपलेला टीबी जागा होऊ शकतो.

आणि एकच सांधा अचानक लालबुंद, गरम, हात लावू न देणारा झाला आणि सोबत ताप असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. सांध्यात जंतू शिरले तर तो काही दिवसांत कायमचा निकामी होतो.

घरचे काढे. तुमच्याकडे गुळवेल चालू आहे असं लिहिलंय. प्रेमानेच देतात, माझ्या आईनेही दिला होता. पण आपली प्रतिकारशक्ती आधीच भलतीकडे धावतेय, तिला आणखी चेतवायचं कशाला? २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद राहू दे. मेथोट्रेक्सेट स्वतःच यकृताला जड असते, त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. तिच्या जोडीला दुसरं काही नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीचं. मी सोडली नाही, पण दिवसाची मांडणी बदलली. ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात वरचं हँडल धरलं की मनगट रात्रभर ठणकतं, म्हणून मी दाराजवळच्या दांड्याला कोपराचा विळखा घालून उभी राहते. जागा मिळणार नसेल तर एक गाडी सोडते. ऑफिसात मोठं काम दुपारच्या आत उरकते, चारनंतर नुसती बिलं तपासते. साहेबांना आजाराचं नाव लिहून दिलंय, डॉक्टरांच्या पत्रासकट, कारण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बाईचं नुसतं सांगणं कोणी मनावर घेत नाही. घरी कणीक नवरा मळतो, कुकर तोच उघडतो. आणि कणकण चढायच्या आधी, आल्या आल्या अर्धा तास पडते. चढल्यावर पडून तेवढं बरं वाटत नाही. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांनाच बोलू द्या. आमच्याकडे तेव्हाच फरक पडला.

पण नोकरीचा निर्णय आत्ता घेऊ नका. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तुम्हाला वर्ष झालंय. वर्षानंतरही रोज कणकण, सकाळी तासभर बोटं आखडलेली आणि मनगट सुजलेलं, म्हणजे तपासात दुसरं काही निघालं नाही तर आजार अजून आटोक्यात आलेला नाही असाच अर्थ होतो, आणि त्यावर उपाय आहेत. डोस वाढवता येतो, गोळीऐवजी इंजेक्शन देता येतं, दुसरं औषध जोडता येतं. फॅमिली डॉक्टरांकडे हा प्रश्न सुटायचा नाही, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घ्या. जाताना महिन्याची वही, ताजे सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), यकृताचे रिपोर्ट आणि सुजलेल्या मनगटाचा फोनवर काढलेला फोटो न्या, कारण भेटीच्या दिवशी सूज हटकून कमी असते. सीआरपी अगदी नॉर्मल आणि ताप मात्र रोज, असं निघालं तर ताप दुसऱ्या कशाचा आहे का, थायरॉइड, लघवीचा संसर्ग, हे तपासायला सांगा. सीआरपी वाढलेला निघाला आणि टीबीसारखा संसर्ग नसेल तर सरळ विचारा, ‘औषध पुरत नाहीये का?’