छोट्या धंद्याचं पिच प्रेझेंटेशन प्रोफेशनल दिसायला काय करावं? टेम्प्लेट कुठला, स्लाइड किती?

तुम्ही लिहिलंय की हॉटेलांना रेडीमेड ग्रेव्ही सप्लाय करता, आता मोठ्या हॉटेलांकडे जायचंय आणि प्रेझेंटेशन प्रोफेशनल दिसायला हवं. टेम्प्लेट कुठलाही साधा पांढरा घ्या, स्लाइड सात-आठ ठेवा. एवढंच लिहून थांबणार होते, पण "प्रोफेशनल दिसायला" हे शब्द वाचले आणि राहवेना, कारण याच शब्दांवरून माझी आणि माझ्या दादाची चार वर्षं धुसफूस चालू आहे.

आमचं नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या बॉक्सचं युनिट आहे, बाबांनी चालू केलेलं. बाबा जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा महापेच्या एका कंपनीने बोलावलं, महिन्याला १५ हजार बॉक्स, आमच्यासाठी फारच मोठी ऑर्डर. दादा म्हणाला या वेळी सगळं नीट करायचं, एका डिझायनरला १२ हजार दिले आणि ३४ स्लाइड तयार झाल्या. गडद निळं बॅकग्राउंड, त्यावर सोनेरी अक्षरं, पहिल्याच स्लाइडवर बाबांचा फोटो, मग व्हिजन, मिशन, मशीनची यादी, शेडचे फोटो, क्लायंटचे लोगो. घरी लॅपटॉपवर बघितलं तेव्हा खरंच देखणं दिसत होतं, आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिकडे बाहेरचा पेनड्राइव्ह चालत नाही म्हणून फाइल मेल केली आणि त्यांच्याच लॅपटॉपवर उघडली. मशीनचा व्हिडिओ नुसता लिंक केलेला होता, तो आलाच नाही. बाबांच्या फोटोखालची मराठी ओळ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली होती, तो फॉन्ट त्यांच्याकडे नाही, त्यामुळे बाबांच्या फोटोखाली इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा नुसता कचरा दिसत होता. तो क्षण मी विसरलेले नाही. वर ट्यूबलाइट चालू, प्रोजेक्टर जुना. प्रोजेक्टर काळोख फेकू शकत नाही, फक्त उजेड फेकतो, त्यामुळे खोलीत उजेड असला की गडद रंग फिका पडतो आणि त्यावरचं अक्षर त्यातच विरून जातं, आमचं सोनेरी तसंच विरलं.

पर्चेस मॅनेजर सभ्य माणूस होता, २० मिनिटं दिली होती त्याने. बाराव्या स्लाइडला तो फोनमध्ये बघायला लागला. एकोणिसाव्या स्लाइडवर मी काढलेला एक फोटो होता, माप घ्यायला त्यांच्या गोडाऊनमध्ये गेले होते तेव्हा मोबाइलवर काढलेला, आठ बॉक्सची थप्पी आणि सगळ्यात खालचा बॉक्स पोटातून दबलेला. पावसाळ्यात कागद ओल धरतो, बॉक्सची ताकद घटते, आणि वरच्या सातांचं वजन खालच्या एकावर, मग तो बसतोच. तो फोटो आला तसा त्याने फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "हे आमचंच गोडाऊन ना? हे का होतं?" मी बोलायला तोंड उघडलं तर दादा म्हणाला, "सर, त्यावर येतोच, आधी पुढची स्लाइड बघू." पुढच्या स्लाइडवर आमची सर्टिफिकेटं होती. दर होता एकतिसाव्यावर, तिथपर्यंत पोचायच्या आधीच त्याची दुसरी मीटिंग आली. दर नंतर मेलने पाठवला, त्याला उत्तर आलं नाही.

दादा आजही म्हणतो ऑर्डर दरात गेली. मी म्हणते ती एकोणिसाव्या स्लाइडवर गेली.

चार महिन्यांनी तुर्भ्याच्या एका कंपनीत मी एकटी गेले. सात स्लाइड, त्याही ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट काढून, लॅपटॉप पिशवीतून बाहेरच काढला नाही. पहिल्या पानावर त्यांच्याच गोडाऊनमधल्या दबलेल्या बॉक्सचा पानभर फोटो आणि खाली एक ओळ. दुसऱ्यावर तो का दबतो, तिसऱ्यावर तेवढ्याच वजनाखाली आमचा बॉक्स, चौथ्यावर दर. आमची माहिती शेवटच्या पानावर. २ हजार बॉक्सची ट्रायल ऑर्डर मिळाली, ती कंपनी आजही आमच्याकडे आहे.

दादाने ते कागद पाहिले आणि एवढंच म्हणाला, "बाबांना काढलंस." हे मला फार लागलं. अरे, बाबांनी आयुष्यात कधी स्वतःचा फोटो दाखवून बॉक्स विकला का? ते सॅम्पल बॉक्सला टेप मारून समोरच्याच्या केबिनमध्ये जमिनीवर ठेवायचे, चपला काढून त्यावर उभे राहायचे, चांगले ७८ किलोचे होते, आणि वरूनच बोलायचे, "आता दराचं बोलू." माझं पहिलं पान तेच होतं, बाबांचंच.

तर तुमच्या ग्रेव्हीचं. पहिल्या स्लाइडवर तुमचा लोगो नको, हॉटेलवाल्याची अडचण टाका, आचारी गावाला गेला की चव बदलते, गर्दीच्या वेळी कांदा-टोमॅटो परतत बसायला माणूस नसतो, जे तुम्ही स्वतः त्यांच्या किचनमध्ये बघितलं असेल ते. मग एका प्लेटला किती रुपये पडतात ते मोठ्या आकड्यात, किलोचा दर बारीक अक्षरात चालेल कारण तो माणूस प्लेटच्या हिशोबात विचार करतो. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर, किती दिवस टिकते, डिलिव्हरी किती वाजता, हे सगळं शेवटी एका पानावर. आणि बोलायला सुरुवात करायच्या आधी गरम ग्रेव्हीचा डबा टेबलावर उघडा.

दिसण्याबद्दल सांगायचं तर पांढऱ्यावर काळं, एखादाच रंग, फोटो स्वतःचे, नेटवरून उचललेले हसरे शेफ अजिबात नकोत. मराठीसाठी मुक्ता हा फॉन्ट फुकट मिळतो, युनिकोड आहे, आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. फाइल पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे फॉन्ट फाइलसोबत जातो, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, स्क्रीनशॉट काढून नको. पाठवायच्या आधी स्वतःच्या फोनवर हात लांब करून वाचून बघा, मालक बहुतेक फोनवरच बघणार आहे.

१० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटचं अक्षर असा गाय कावासाकी या अमेरिकन लेखक-गुंतवणूकदाराचा नियम तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मोठ्या अक्षराचं मला पटतं, पण तो नियम स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्यांसमोर बोलण्यासाठी आहे, माल विकत घेणाऱ्या माणसासाठी १० पण जास्त होतात.

एक राहिलं. बँकेत कर्जाला जात असाल तर यातलं काही लागू नाही, तिथे आधी तुम्ही कोण, किती वर्षं धंद्यात, मशिनरी काय हेच बघतात, मुद्रा कर्जालाही कोटेशनं आणि मोठ्या रकमेला प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो, स्लाइड कोणी मागत नाही. टेंडरलाही तसंच. तिथे दादाची ३४ पानं उपयोगी पडली असती, हे मी मान्य करते, आणि मशीनची यादी त्याने खरंच व्यवस्थित केली होती, अजून वापरतो आम्ही.

पण दराचं मी मान्य करणार नाही. महापेला ५ प्लायचा (पाच थरांच्या बॉक्सचा) जो दर दिला होता त्यापेक्षा तुर्भ्याचा फक्त १५ पैशांनी कमी होता, साइज तोच, कागद तोच. दादा, हे वाचत असशील तर दोन्ही कोटेशनं ऑफिसातल्या निळ्या फाइलमध्ये शेजारी शेजारी लावलीयेत, बघून घे.